सड्यावरच्या नव्या सोसायटीला पाणी का चढत नाही

कोकणातली शहरं आता वरच्या अंगाला वाढतायत. बंदर, बाजारपेठ आणि खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या दलदलीच्या, कडेच्या जुन्या वाड्या खाली राहिल्या. नवी बांधकामं चालली आहेत ती सड्यावर, म्हणजे वरच्या जांभ्याच्या पठारावर, कातळ फोडून. जाहिरातीत ‘नगरपरिषदेचं पाणी’ असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. जोडणी असते, मीटर असतो, बिल येतं. मार्च उजाडला की पाणी तेवढं येत नाही. मग टँकर, मग मोर्चा, मग धरणातला गाळ काढायची मागणी.

गाळ काढायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या पट्टीत पाणी बऱ्याचदा धरण आणि तोटी यांच्या मधल्या नळातच अडतं. अडवणाऱ्या गोष्टी मुख्यतः दोन: टाकीची उंची आणि पाणी सोडायचे तास. या दोन आकड्यांकडे न बघता नवी वसाहत जुन्या लाइनला जोडली, तर वरचे कोरडे राहतात आणि खालच्यांचाही दाब जातो. फ्लॅट घेणारे, सोसायटीची कमिटी, ग्रामपंचायतीचे सदस्य, कुणालाही हा हिशेब कागदावर करता येतो. पुढे तोच मांडला आहे.

टाकीपर्यंतचा प्रवास

आधी पाणी कुणाचं ते विचारावं. रत्नागिरी शहराला शीळ धरणाचं पाणी उपसून मिळतं आणि पानवलचं नैसर्गिक उताराने. मालवणला धामापूर तलाव, सावंतवाडीला पाळणेकोंड, वेंगुर्ल्याला निशाण तलाव. चिपळूण वाशिष्ठीवर अवलंबून, आणि वाशिष्ठीला उन्हाळ्यात पाणी राहतं ते कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेल्या अवजलामुळे. निर्मिती थांबली की जॅकवेलपाशी, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीपाशी, पातळी उतरते. उत्तरेकडे नवी मुंबईला मोरबे, वसई-विरारला सूर्या. शहराच्या हद्दीबाहेरच्या वसाहती पुष्कळदा एमआयडीसीच्या लाइनवर असतात. हद्दीच्या अलीकडे-पलीकडे समोरासमोरच्या दोन इमारतींचं पाणी दोन वेगळ्या धरणांतून येऊ शकतं, म्हणून शेजारच्या सोसायटीला पाणी आहे यावरून आपला अंदाज बांधू नये.

उपशाच्या योजनेत पाणी नदीकाठच्या जॅकवेलमधून रायझिंग मेनने, म्हणजे पंपाने पाणी वर नेणाऱ्या मुख्य नळाने, शुद्धीकरण केंद्रात चढतं, तिथे तुरटी, वाळूचे फिल्टर आणि क्लोरीन यातून जातं, आणि मग उंच टाकीत. हे सगळं विजेवर. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भागात कित्येक गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. विहीर भरलेली असून नळ कोरडा, ही अवस्था तेव्हा सगळ्यांनी पाहिली. म्हणून जिथे उताराने येणारी जुनी लाइन आहे, तिथे नवी उपसा योजना झाली म्हणून ती मोडीत काढू नये असं माझं ठाम मत आहे. तिचं पाणी थोडं असेल, पण ते विजेविना येतं. पुराचं गणितही इथेच येतं. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा पाणी कुठवर चढलं हे आता सगळ्यांना माहीत आहे. पंपाचं पॅनेल आणि स्टार्टर त्या रेषेच्या वर हवेत. पाण्यात गेलेली मोटर उघडून वाळवून पुन्हा चालू करायला दिवस लागतात, आणि नेमके तेच दिवस शुद्ध पाण्याच्या गरजेचे असतात.

रायझिंग मेन पुन्हापुन्हा एकाच टप्प्यात फुटत असेल तर नळाच्या दर्जाला दोष देण्याआधी वीज कशी जाते ते बघावं. वीज एकदम गेली की पंप थांबतो, पण नळातला पाण्याचा खांब लगेच थांबत नाही. तो पुढे सरकतो, मग मागे फिरतो आणि पाणी उलटं येऊ न देणाऱ्या नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर आदळतो. लोखंडी नळात दाबाची ही लाट सेकंदाला साधारण हजार मीटरने धावते. पाणी सेकंदाला एक मीटर वेगाने चाललेलं असताना एकदम थांबलं, तर दाब सुमारे शंभर मीटरने, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दहा किलोने उसळतो. एचडीपीईत, म्हणजे काळ्या प्लास्टिकच्या नळात, लाट बरीच मंद असल्याने उसळी कमी. उपाय म्हणजे पंपाजवळ एअर व्हेसल (उसळी झेलणारी हवेची बंद टाकी), लाइनवर झीरो व्हेलॉसिटी व्हॉल्व्ह (पाणी थांबताक्षणी, मागे फिरण्याआधी मिटणारा), आणि न आपटता बंद होणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पावसाळ्यात दिवसातून चार-पाच वेळा वीज जाणाऱ्या भागात हा खर्च अंदाजपत्रकातून कापला की तो पुढे दुरुस्तीत भरावा लागतो.

उंचीचा हिशेब

दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक किलो दाब. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ कळतं. आपल्याकडे पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात वर्षानुवर्षं धरला गेलेला किमान दाब असा: एकमजली घरासाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२, तीन मजल्यांसाठी १७. सात मजली इमारतीच्या गच्चीवर नगरपरिषदेच्या दाबाने पाणी चढावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. तिथे जमिनीखालची टाकी आणि स्वतःचा पंप हवाच. पण त्या टाकीत तरी पाणी पडायला हवं ना!

एक उदाहरण घेऊ. टाकीचा तळ समुद्रसपाटीपासून १०० मीटरवर, सड्यावरचा प्लॉट ८५ मीटरवर, बंदराजवळची पेठ ८ मीटरवर. सगळ्या तोट्या बंद असताना सड्यावर दाब १५ मीटर, म्हणजे दीड किलो. त्याच वेळी पेठेत ९२ मीटर, सव्वानऊ किलो. पाणी सोडल्यावर खालच्या प्रत्येक तोटीतून ते जोरात धावतं, मुख्य लाइनमधला वेग वाढतो, घर्षणात दाब खाल्ला जातो, आणि सड्याचे ते १५ मीटर पहिल्या पाच मिनिटांत संपतात. खालच्या टाक्या भरून फ्लोट बंद झाले की मग वर करंगळीएवढी धार येते. तोवर पाणी बंद करायची वेळ झालेली असते.

वर-खाली इतका फरक असेल तर एकाच टाकीवर दोन्ही भाग ठेवणं चूक. सड्याला वेगळा झोन, वेगळी उंच टाकी आणि तिच्यातून निघणारी वेगळी लाइन. ही टाकी भरणारा नळ वाटेत कुठेही घरगुती जोडण्या न देता थेट टाकीपर्यंत गेला पाहिजे. व्यवहारात इथेच घोळ होतो. टाकी बांधून होते, उद्घाटन होतं, आणि तिला भरणाऱ्या लाइनवर रस्त्याकडेच्या शंभर जोडण्या आधीच बसलेल्या असतात, त्यामुळे टाकी अर्धीच भरते. खालच्या झोनसाठी उलट व्यवस्था लागते: दाब कमी करणारा व्हॉल्व्ह किंवा मध्ये ब्रेक प्रेशर टँक, म्हणजे दाब तोडणारी उघडी टाकी. नाहीतर सव्वानऊ किलोच्या दाबाखाली सहा किलो क्षमतेचा एचडीपीई नळ किती दिवस टिकणार?

बहुतेक ठिकाणी ही विभागणी चावीवाला, म्हणजे पाणी सोडणारा कर्मचारी, हाताने करतो. खालच्या लाइनवरचा स्लुइस व्हॉल्व्ह (तबकडी वर-खाली करून लाइन उघडणारा-बंद करणारा) अर्धा पिळून ठेवायचा, वर पाणी ढकलायचं. माणूस अनुभवी असला की भागतं, पण स्लुइस व्हॉल्व्ह पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवण्यासाठी बनवलेला असतो. अर्धवट ठेवला की त्याची तबकडी थरथरते, बैठक झिजते आणि वर्षा-दोन वर्षांत तो पूर्ण बंद होईनासा होतो. मग दुरुस्तीसाठी एक गल्ली बंद करायची तर अर्धं शहर बंद करावं लागतं.

तासांचा हिशेब

चाळीस फ्लॅटची इमारत घ्या. घरात पाच माणसं धरून दोनशे, माणशी १३५ लिटरप्रमाणे दिवसाला २७,००० लिटर. हे पाणी चोवीस तासांत घ्यायचं असेल तर सेकंदाला जेमतेम ०.३१ लिटर, आणि एक इंची म्हणजे २५ मिलिमीटर नळ आरामात पुरतो. तेच दोन तासांत घ्यायचं तर सेकंदाला पावणेचार लिटर. एक इंची नळातून तेवढं न्यायचं तर वेग सेकंदाला साडेसात मीटरच्या वर जाईल, जे होणं नाही. दोन इंची जोडणी लागते.

हेच संपूर्ण लाइनला लागू. पन्नास हजारांच्या आतल्या वस्तीसाठी वितरण वाहिनी सरासरी मागणीच्या तिप्पट प्रवाहावर आखतात, कारण सकाळी सगळे एकदम पाणी वापरतात. पण पाणी दिवसातून दोनच तास सोडलं तर त्याच लाइनमधून सरासरीच्या बारा पट प्रवाह न्यावा लागतो. आखलेल्याच्या चौपट प्रवाह म्हणजे घर्षणातला दाबऱ्हास सुमारे तेरा पट. कागदावर बरोबर असलेली लाइन प्रत्यक्षात शेपटाकडे कोरडी पडते ती यामुळे. आणि शेपटाला बहुधा नवीच वसाहत असते.

आता नव्या लेआउटची नेहमीची कथा: विकासक रस्त्यापर्यंत आलेल्या जुन्या लाइनला टी मारतो आणि पुढे ११० मिलिमीटरचा एचडीपीई नळ एक किलोमीटर नेतो. एचडीपीईचा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. दहा किलो दाबाच्या ११० च्या नळात आतली पोकळी सुमारे ९७ मिलिमीटरच. शंभरेक कुटुंबांना दोन तासांत पाणी द्यायचं तर सेकंदाला दहा लिटर न्यावे लागतात. या नळात तेवढ्या प्रवाहाला एका किलोमीटरमागे सुमारे १९ मीटर दाब खर्ची पडतो. वरच्या उदाहरणात सड्यावर शिल्लक होते १५. नळ १६० चा टाकला असता तर तोच ऱ्हास ३ मीटरवर आला असता. नळाचा खर्च वाढतो हे खरं, पण चर खोदायचा, कातळ फोडायचा आणि रस्ता पुन्हा करायचा खर्च दोन्हीकडे जवळपास सारखाच. जांभ्यात तर खोदाईच महाग. नळात काटकसर करून शंभर घरांना आयुष्यभर टँकर लावून ठेवण्यात कसलं शहाणपण?

लेआउटमधली लाइन शक्यतो वेढा घालून परत स्वतःला मिळावी. एकाच टोकाला संपणाऱ्या लाइनमध्ये शेवटच्या घरांपाशी पाणी साचून राहतं, क्लोरीन उडून जातो, गढूळपणा बसतो. वेढा जमत नसेल तर टोकाला धुण्याचा व्हॉल्व्ह, म्हणजे स्कॉवर, ठेवावा आणि तो महिन्यातून एकदा खरोखर उघडावा.

कातळात, खाजणात आणि गटाराशेजारी

जांभ्यात चर खोदला की तळ कधीच सपाट मिळत नाही. ब्रेकरचे दात राहतात. त्यावर नळ तसाच ठेवला तर तो दोन टोकांवर टेकतो आणि वरून डंपर गेला की मध्ये तडकतो किंवा दगडाचं टोक त्यात रुतत जातं. तळाशी दहा-पंधरा सेंटिमीटर वाळू किंवा चाळलेला बारीक मुरूम, नळाच्या दोन्ही कुशीत तोच माल हाताने ठासून, माथ्यावर तीसेक सेंटिमीटर तोच, आणि मग खोदलेली माती. नळावर एकूण एक मीटर तरी माती हवी. ‘कातळ लागला’ म्हणून फूटभरावर नळ टाकून वर डांबर करणं सर्रास चालतं, आणि रुंदीकरणाच्या पहिल्याच जेसीबीला तो नळ सापडतो.

खाजणात प्रश्न वेगळा. माती खारी, ओली, लोखंडाला खाणारी. घरगुती जोडणीचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप तिथे काही वर्षांतच भोकं पडून गळायला लागतो. डीआय (डक्टाइल आयर्न, म्हणजे ओतीव लोखंडाचा) नळ टाकायचा तर त्याला पॉलिथिनचं आवरण घालूनच. माझी पसंती अशा जागी एचडीपीईला आहे, मात्र तो पाण्यापेक्षा हलका असतो हे विसरून चालत नाही. भरतीला चरात पाणी भरलं आणि नळ रिकामा असला की तो वर तरंगतो, म्हणून पाणी भरून, लगोलग माती टाकून किंवा काँक्रीटची वजनं बांधून तो खाली ठेवावा लागतो. उन्हात तो लांबतो, तेही बरंच: शंभर मीटरला वीस अंशांच्या फरकाने तीस-चाळीस सेंटिमीटर. भर दुपारी ताणून जोडलेला नळ रात्री आखडतो आणि जोडातून सुटतो. जोडणी सकाळी करावी, आणि नळ चरात किंचित नागमोडी ठेवावा.

एचडीपीईचा जोड जवळून बघण्यासारखा असतो. दोन्ही टोकं मशीनच्या पकडीत बसवतात आणि मधल्या ट्रिमरने तासतात, दोन्ही बाजूंनी अखंड साल निघेपर्यंत. मग साधारण २२० अंशांच्या तव्यावर दोन्ही टोकं टेकवायची. कडेला वितळलेल्या मालाची बारीक वळी उठली की दाब कमी करून ठरलेला वेळ तापू द्यायचं. तवा काढला की काही सेकंदांत टोकं एकमेकांवर दाबायची आणि दाब न सोडता थंड होऊ द्यायचं. इथे घाई नडते. पाणी ओतून जोड थंड करणारे लोक आहेत. असा जोड टेस्टिंगला टिकतो आणि सहा महिन्यांनी फाटतो. दोन्ही वळ्या सर्व बाजूंनी सारख्या जाडीच्या आणि गुळगुळीत हव्यात, आणि मधली खाच नळाच्या पृष्ठभागापेक्षा खोल गेलेली नको. सड्यावर वाऱ्याने उडणारी तांबडी धूळ तव्यावर किंवा तासलेल्या टोकावर बसली तर जोड बाहेरून छान आणि आतून कच्चा. ताडपत्रीचा आडोसा केल्याशिवाय वेल्डिंग चालू करू देऊ नये, पावसात तर नाहीच.

डीआय नळाचे रबरी रिंगचे जोड ओढ सहन करत नाहीत. वळणावर पाणी बेंडला बाहेर ढकलतं. २०० मिलिमीटरच्या डीआय लाइनवर दहा किलो दाबाला काटकोनी बेंडवर सुमारे साडेपाच टनांचा रेटा येतो, ४५ अंशांच्या बेंडवर तीन टनांचा. तो झेलायला काँक्रीटचा थ्रस्ट ब्लॉक हवा, आणि ब्लॉकची पाठ न खोदलेल्या घट्ट जमिनीला टेकलेली हवी. भरावाला टेकवलेला ब्लॉक दिसतो भक्कम, पण पहिल्या पावसात माती बसली की सरकतो. टी, रिड्युसर (व्यास कमी करणारा तुकडा) आणि लाइनचं बंद टोक यांनाही हेच लागू. बेंडमध्ये दोन विटा आणि थोडा माल घालून पुढे जाणारे ठेकेदार टेस्टिंगच्या दिवशी उघडे पडतात. म्हणूनच टेस्टिंग टाळायची त्यांची धडपड असते.

टेस्टिंग म्हणजे लाइन खालच्या टोकाकडून हळूहळू भरायची, वरच्या टोकाने हवा पूर्ण जाऊ द्यायची, मग कामाच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा. जोड उघडे ठेवलेले असावेत, मधला भाग मातीने दाबलेला. बंद व्हॉल्व्हवर टेस्ट घेऊ नये. टोकाला झाकण आणि त्याला पुरेसा टेका द्यावा. एचडीपीई दाबाखाली फुगतो, त्यामुळे सुरुवातीला काटा थोडा उतरतो, ती गळती नसते. पुन्हा पाणी भरून दाब आणायचा आणि मग बघायचं. आत हवा राहिली असेल तर काटा फसवतो.

हवेचा त्रास रोजच्या पुरवठ्यातही असतो. आपल्या लाइनी चढतात-उतरतात, प्रत्येक टेंगळावर हवा अडकते आणि नळाची पोकळी आक्रसते. पाणी तासांवर सोडलं की लाइन रोज रिकामी होऊन रोज हवेने भरते. प्रत्येक उंच जागी एअर व्हॉल्व्ह आणि प्रत्येक घळीत स्कॉवर लागतो. एअर व्हॉल्व्हची झाकणं काढून तिथे कपडे धुणं कित्येक ठिकाणी चालतं. त्यात लोकांचा दोष कमी. त्या वाडीला जोडणी दिलेली नसते, एवढाच अर्थ.

पाणी बंद असतानाचे बावीस तास मला सर्वांत धोक्याचे वाटतात. लाइन रिकामी होताना आत पोकळी तयार होते आणि गळतीच्या ज्या भोकातून पाणी बाहेर जात होतं त्याच भोकातून बाहेरचं आत ओढलं जातं. घरगुती जोडण्या गटारातून आडव्या नेलेल्या असतील तर गटाराचं पाणी, खाजणात असतील तर उधाणाचं खारं पाणी. तोटीला थेट टुल्लू पंप लावणारे तर पाणी चालू असतानाही लाइनमध्ये ही पोकळी तयार करतात. खाऱ्या पाण्याचा हिशेब सोपा आहे: समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असतं, पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा २५०. शंभर भागांत एकच भाग मिसळला तरी १९० ची भर पडते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आपल्या नळाचा टीडीएस अचानक वाढत असेल तर तो आकडा तारखेसह लिहून नगरपरिषदेला द्यावा. गळती कुठल्या टप्प्यात शोधायची ते त्यावरून कळतं.

फेरुल, म्हणजे मुख्य नळावर घरगुती जोडणी बसवायचा तुकडा, बसवताना भोक नळाच्या बाजूला, साधारण ४५ अंशांत पाडावं. माथ्यावर पाडलं तर हवा आधी येते, तळाशी पाडलं तर गाळ. फेरुलपासून निघणारा एमडीपीईचा बारीक प्लास्टिक पाइप थोडा वळण देऊन सोडावा, म्हणजे माती बसली तरी ओढ बसत नाही. आणि जोडणी गटाराच्या वरून न्यावी. खालून न्यावीच लागली तर अखंड आवरणातून, गटाराखाली एकही जोड न ठेवता.

ताबा घेण्याआधी

फ्लॅट बघायला लोक दिवाळीत येतात. पाणी बघायला मे महिन्यात यावं. काही शे रुपयांत मिळणारा प्रेशर गेज जोडणीच्या तोटीला लावून पाणी आल्यापासून जाईपर्यंत दर दहा मिनिटांनी वाचायचा. पहिला आकडा फसवा असतो. शेवटच्या अर्ध्या तासात काय राहतं ते खरं. जोडीला मीटरचं वाचन घेतलं की रोज किती लिटर पडतात तेही कळतं.

जमिनीखालची टाकी किती मोठी हवी? दिवसाआड पाणी येणाऱ्या जागी चाळीस फ्लॅटला किमान दोन दिवसांचं, म्हणजे ५४,००० लिटर. आगीसाठीचं पाणी वेगळं. टाकी जमिनीखाली असल्याने तिच्यात पाणी जवळजवळ शून्य दाबाने पडतं आणि ती शेजाऱ्यांचं पाणी ओढते, म्हणून जोडणी गरजेपेक्षा मोठी घेऊ नये आणि फ्लोट व्हॉल्व्ह चालू असावा. दुसरं, जांभा सच्छिद्र असतो. सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्यातलं पाणी त्यातून झपाट्याने वाहतं आणि टाकीच्या भिंतीला बारीक तडा असला तरी आत येतं. शोषखड्डा टाकीपासून शक्य तितका दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा. पावसाळ्यात टाकी धुण्यासाठी पूर्ण रिकामी करू नये. भोवतालचं भूजल तिला खालून उचलतं आणि तळाला तडे जातात.

‘बोअरवेल आहे, काळजी नको’ हे उत्तर किनाऱ्यालगत स्वीकारू नये. खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत असतो. भूजलाची पातळी उपशाने एक मीटर खाली गेली की खालचं खारं पाणी तत्त्वतः चाळीस मीटर वर सरकतं. एकदा खारी झालेली बोअर गोडी व्हायला कित्येक पावसाळे जातात.

लाइन नवी असेल तर ती धुऊन क्लोरीनने भरलेली होती का, हे विचारावं. १५० मिलिमीटरच्या शंभर मीटर लाइनमध्ये सुमारे १,७७० लिटर पाणी मावतं. लिटरमागे ५० मिलिग्रॅमच्या मात्रेला तीसेक टक्के शक्तीची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर अंदाजे ३०० ग्रॅम लागते. ती चोवीस तास ठेवून मग धुऊन काढायची. रोजच्या वापरात शेवटच्या तोटीला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवा. ओटी टेस्टमध्ये, म्हणजे क्लोरीन तपासायचं द्रावण टाकल्यावर, पाणी पिवळं झालं तर ठीक. कोकणातल्या दमट हवेत उघड्या पोत्यातल्या टीसीएलची शक्ती भराभर उतरते, त्यामुळे माप तेच ठेवूनही ऑगस्टमध्ये टेस्ट कोरी येते. ग्रामपंचायतींनी लहान, हवाबंद पॅकिंग घ्यावं, एकदम वर्षाचा साठा करू नये.

विकासकाकडून प्रत्यक्ष टाकलेल्या लाइनचा नकाशा घ्यावा: नळाचा व्यास, दाबाचा वर्ग, खोली, प्रत्येक व्हॉल्व्हचं भिंतीच्या कोपऱ्यापासूनचं अंतर. मंजुरीचा नकाशा नको, तो आणि प्रत्यक्षातला चर क्वचितच जुळतात. टेस्टिंगचा अहवालही त्यासोबत. ताबा घेतल्यावर प्रत्येक व्हॉल्व्ह एकदा पूर्ण बंद करून, पूर्ण उघडून बघावा. बऱ्याच ठिकाणी चेंबर डांबराखाली गेलेले आढळतात.

आणि पहिल्याच महिन्यात रात्रीची गळती तपासावी. गच्चीवरच्या टाक्या भरून, पंप बंद करून, पहाटे दोन ते चार या वेळेत गच्चीवरच्या टाकीच्या मुख्य वाहिनीवरचा मीटर वाचायचा. तिथे मीटर नसेल तर टाकीतली पातळी खुणेने मापायची. जमिनीखालच्या टाकीचंही तसंच. लेआउटच्या आतल्या दाबाच्या लाइनला पाच मिलिमीटरचं एक भोक असेल आणि दाब तीन किलो असेल, तर तासाला हजार लिटरच्या वर पाणी जातं, दिवसाला सुमारे २४,७००, म्हणजे पस्तीसेक कुटुंबांचं. मीटर फिरत असेल तर एकेक फाट्याचा व्हॉल्व्ह बंद करत जायचं. ज्या फाट्याला मीटर थांबतो तिथे रात्रीच्या शांततेत लोखंडी सळई व्हॉल्व्हवर किंवा फेरुलवर टेकवून दुसरं टोक कानाला लावायचं. एचडीपीईत आवाज फार लांब जात नाही, त्यामुळे दर काही मीटरवर ऐकावं लागतं. सुरुवात घरगुती जोडण्यांच्या फेरुलपासून करावी, मग बेंड, आणि सरळ नळाचे वेल्ड सर्वांत शेवटी.